नॅनोट्यूबच्या ठिपक्याकडून गणित करून घेताना: क्रम, चाचण्या आणि नेहमीच्या चुका

जानेवारी लागला की फायनल इयरच्या पोरांचे फोन सुरू होतात. "सर, एक्सॉर काल येत होतं, आज येत नाही." (एक्सॉर म्हणजे दोन इनपुट वेगळे असतील तर उत्तर १, सारखे असतील तर ०.) घेऊन या म्हटलं की नाशिकच्या गंगापूर रोडवरून, पंचवटीतून, कुणी सिन्नरहून दुचाकीवर येतात. डब्यात एक पीसीबी आणि त्यावर वाळलेला काळा ठिपका. ठिपका म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या कार्बन नॅनोट्यूब. काही पॅडवर (बोर्डावरच्या धातूच्या ठिकाणांवर) व्होल्टेज द्यायचं, उरलेल्या पॅडवर काय उमटतं ते वाचायचं आणि त्या वाचनांची भारित बेरीज (प्रत्येक वाचन आपापल्या भारानं गुणून) करून उत्तर काढायचं. शिकवायची ती फक्त शेवटची बेरीज. आतलं जाळं जसं पडलं तसंच राहतं.

बिघडतं ते बहुधा पायथनमध्ये नाही. टक्केवारीच्या हिशेबात बिघडतं, सोल्डरिंगच्या क्रमात बिघडतं. आणि कितीतरी वेळा उत्तर बरोबर येतं, पण ते ठिपक्यानं काढलेलंच नसतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्याची तपासणी पास झाल्याशिवाय पुढचा टप्पा नाही.

## १. सामान आणि जागा

मल्टीवॉल (एकात एक बसलेल्या भिंतींच्या) कार्बन नॅनोट्यूब, पीएमएमए (ॲक्रिलिकचंच पॉलिमर, पावडर स्वरूपात) आणि विरघळवायला ॲनिसोल. सिंगलवॉल (एकाच भिंतीच्या) नळ्यांत साधारण एक तृतीयांश धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात, त्यामुळे त्या या कामाला जास्त रसदार. पण महाग आहेत. पहिल्या खेपेला मल्टीवॉलवर हात बसवा.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये अर्डुइनो ऊनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एमसीपी४७२८ (चार चॅनेलचा १२ बिटचा डॅक, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप), एमसीपी६००४ (एका चिपमध्ये चार ओपॅम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर) आणि एडीएस१११५ (१६ बिटचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारी चिप). हे एम.जी. रोडवर नाही मिळालं तर ऑनलाइन दोन-चार दिवसांत येतं.

सावधान: कोरड्या नॅनोट्यूब श्वासात जाणं धोक्याचं. अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे. वजन करताना पंखा बंद, फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं लॅबचं कपाट) चालू, एन९५ मास्क आणि नायट्राइल हातमोजे. सांडलं तर ओल्या टिश्यूनं पुसा, झाडू मारू नका. कॉलेजात हूड नसेल तर पावडर घेऊच नका, आधीच द्रवात मिसळलेल्या नळ्या विकत मिळतात त्या घ्या. घरच्या स्वयंपाकघरात हा उद्योग अजिबात नको. ॲनिसोल पेटतं, त्यामुळे उघड्या कॉइलची शेगडीही बाद.

## २. मिश्रण: टक्के कशाचे?

निम्मे प्रोजेक्ट इथेच मरतात, म्हणून सावकाश वाचा.

रिसर्च पेपरमध्ये "०.५ टक्के" लिहिलेलं असतं ते वाळलेल्या थरातल्या वजनाचं. ॲनिसोल उडून जाणार आहे, ते हिशेबात धरायचं नाही. १ ग्रॅम पीएमएमए २० मिलिलिटर ॲनिसोलमध्ये विरघळवलं, तर ०.५ टक्क्यासाठी नळ्या लागतात जेमतेम ५ मिलिग्रॅम. पोरं काय करतात? बाटलीतल्या सगळ्या द्रावणाचे, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमचे, ०.५ टक्के काढतात. ते होतात १०५ मिलिग्रॅम. वाळल्यावर थरात नळ्या साडेनऊ टक्के! ठिपका छान काळाकुट्ट दिसतो, मल्टीमीटरही लगेच आकडा दाखवतो, सगळे खूश. पण तो आता साधा रोधक झाला. त्यातून सरळ रेषेपलीकडचं काही निघणार नाही.

कारण असं: नळ्या विरळ असतील तर त्या एकमेकींना भेटत नाहीत आणि प्रवाह जात नाही. वाढवत गेलं की एका ठरावीक प्रमाणाला पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट तयार होते आणि रोध एकदम कित्येक पटींनी कोसळतो. याला पर्कोलेशनचा उंबरठा म्हणतात. उंबरठ्याच्या जरा वर बऱ्याच जोडांमध्ये नळ्यांच्या मधोमध पॉलिमरचा पातळ पडदा शिल्लक असतो. इलेक्ट्रॉन तो टनेलिंगनं (अडथळ्याच्या आरपार निसटून) ओलांडतात आणि तिथला प्रवाह व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. आपल्याला हवी ती वक्रता नेमकी इथे आहे. त्याच्या बरंच वर गेलात की नळ्या थेट चिकटतात आणि वक्रता संपते.

आता ५ मिलिग्रॅम मोजायचे कसे? कॉलेजच्या १० मिलिग्रॅमच्या काट्यावर ते दिसतही नाहीत. एक पोरगा पुडी घेऊन सराफ बाजारात निघाला होता, सोन्याच्या काट्यावर तोलायला. काटा अचूक असतो हे खरं, पण त्या गल्लीतल्या गर्दीत ती पुडी उघडायची कल्पना सोडून द्या. साठा द्रावण करा:

- अर्धा ग्रॅम पीएमएमए ५० मिलिलिटर ॲनिसोलमध्ये विरघळवा. त्यात ५० मिलिग्रॅम नळ्या घाला. म्हणजे प्रत्येक मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. हे ५० सुद्धा मिलिग्रॅमच्या काट्यावरच मोजा.
- बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या भांड्यात) अर्धा तास, पाण्यात बर्फ टाकून, मध्ये थांबत थांबत. जास्त वेळ ठेवलं तर नळ्या तुटून आखूड होतात आणि उंबरठा वर सरकतो.
- साठ्यातून ५ मिलिलिटर घ्या. त्यात ५ मिलिग्रॅम नळ्या आणि ५० मिलिग्रॅम पीएमएमए आलं. वर ९५० मिलिग्रॅम पीएमएमए आणि १५ मिलिलिटर ॲनिसोल. झालं ०.५ टक्के.

साठा प्रत्येक वेळी सोनिकेट करून लगेच उपसा. दोन दिवस ठेवलेल्या बाटलीतून वरवरचं घेतलंत तर नळ्या तळाशीच राहिल्या असं समजा.

एकच प्रमाण करून थांबू नका. ०.१, ०.२५, ०.५, १ आणि २ टक्के अशा पाच बाटल्या करा. उंबरठा कुठे पडेल हे नळीची लांबी, जाडी आणि मिसळणीवर ठरतं, दुसऱ्याचा आकडा तुमच्या बाटलीला लागू पडत नाही.

तपासा: एक थेंब काचपट्टीवर पसरून उजेडात धरा. नुसत्या डोळ्यांना काळे कण दिसले तर परत सोनिकेटर. सारखा धुरकट रंग दिसला तर पुढे चला.

## ३. बोर्ड: आधी सोल्डर, मग ठिपका

मध्यभागी एका छोट्या वर्तुळात टोकं आणलेले ८ पॅड, शेजारच्या दोन टोकांत ०.१५ ते ०.२ मिलिमीटर अंतर. ऑर्डर देताना गोल्ड फिनिश मागा. कथलाच्या फिनिशचे पॅड उंचसखल असतात आणि उघडं तांबं काळं पडतं. वर्तुळाच्या आत सोल्डर मास्क नको.

क्रम असा: हेडर पिना सोल्डर करा, फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं धुवा, वाळवा, आणि त्यानंतर थेंब टाका. उलटं केलंत तर सोल्डरिंग आयर्नची उष्णता आणि फ्लक्स दोन्ही थरापर्यंत पोचतात. थेंब टाकल्यावर ॲसिटोन बोर्डाच्या जवळही आणू नका, पीएमएमए त्यात विरघळतं.

तपासा: कोऱ्या बोर्डावर सगळ्या जोड्या मल्टीमीटरच्या सर्वांत वरच्या ओम रेंजवर बघा. एकही आकडा येता कामा नये. आला तर फ्लक्स राहिलंय किंवा बोटांचा घाम. पुन्हा धुवा.

## ४. थेंब आणि वाळवणं

मायक्रोपिपेट नसेल तर इन्सुलिनची सिरिंज चालते, पण आपल्याकडे दोन प्रकारच्या मिळतात. यू-१०० वरचं एक युनिट १० मायक्रोलिटर, यू-४० वरचं २५. एका ग्रुपनं अर्धे बोर्ड एकीनं आणि अर्धे दुसरीनं केले आणि आठवडाभर "थरात सातत्य नाही" म्हणून डोकं धरून बसले. एकच प्रकार ठेवा आणि सिरिंज एकदा वापरून टाकून द्या, तिचं रबर ॲनिसोलमध्ये फुगतं.

१० मायक्रोलिटर मध्यभागी टाका आणि लगेच काचेची पेट्री डिश पालथी झाका. उघड्यावर पटकन वाळलं की चहाच्या कपाच्या डागासारखी कडेला काळी रिंग उमटते आणि मध्य रिकामा राहतो. रात्रभर झाकलेलं राहू द्या. मग ६० अंशांवर दोन तास, त्यानंतर १०० अंशांवर तासभर. ॲनिसोल १५४ अंशांला उकळतं, म्हणजे "हाताला कोरडं लागतंय" याला काही अर्थ नाही.

तपासा: बोर्ड पूर्ण गार करून एका जोडीचा रोध मोजा. पुन्हा तासभर १०० अंशांवर, गार करा, मोजा. दोन आकड्यांत एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर ॲनिसोल अजून आत आहे. "काल येत होतं, आज येत नाही" या तक्रारीचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडलंय.

## ५. थर वाकडा आहे का?

हा टप्पा गाळून थेट एक्सॉरवर उडी मारणारे पुष्कळ. गाळू नका.

पाचही प्रमाणांचे बोर्ड ओळीनं मोजा आणि जिथे रोध कोसळतो त्याच्या एक पायरी वरचं प्रमाण निवडा. जोडीजोडीतला रोध साधारण ५० किलोओम ते १ मेगाओमच्या आसपास असेल तर काम सोयीचं होतं.

मग आय-व्ही वक्र, म्हणजे व्होल्टेज बदलताना प्रवाह कसा बदलतो त्याचा आलेख. थराच्या रोधाच्या साधारण दहाव्या भागाचा रोधक मालिकेत लावा. व्होल्टेज शून्यावरून अधिक २ पर्यंत, परत शून्य, उणे २, परत शून्य, असं हळूहळू फिरवा. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, ०.२ व्होल्टला निघणारा रोध आणि २ व्होल्टला निघणारा रोध यांचं गुणोत्तर. ते १ च्या आसपास असेल तर थर सरळ आहे, कमी प्रमाणाचा बोर्ड घ्या. दुसरी, जातानाची आणि येतानाची रेघ वेगळी आहे का. तिसरी, वेग निम्मा केल्यावर वक्र बदलतो का. बदलला तर थर तापतोय किंवा हळूहळू चार्ज होतोय.

एक गंमत: वाकड्या थराचा रोध मल्टीमीटरवर रेंज बदलली की बदलतो, कारण मीटर प्रत्येक रेंजला वेगळं व्होल्टेज लावतो. पोरं मीटर खराब समजतात. मीटर चांगला आहे, उलट बातमी शुभ आहे.

## ६. जोडणी

८ पॅडची वाटणी: २ इनपुट, १ स्थिर नियंत्रण व्होल्टेज, १ संदर्भ, ४ आउटपुट. डॅकचे पहिले दोन चॅनेल इनपुटला, तिसरा नियंत्रणाला, चौथा कायम मध्यावर म्हणजे २.५ व्होल्टला. तोच आपला शून्य. चारही आउटपुट एमसीपी६००४ च्या बफरमधून (व्होल्टेज तसंच पुढे देणाऱ्या टप्प्यातून) एडीसीला.

बफर वाचवायला जाऊ नका. एडीएस१११५ चा इनपुट काही मेगाओमचाच असतो, आणि तुमचा थर मेगाओमच्या घरात गेला तर एडीसी स्वतःच त्या जाळ्याचा एक रोधक बनतो. एमसीपी६००४ इनपुटला पिकोॲम्पियरच्या घरातला प्रवाह ओढतो.

सावधान: इनपुट ०.५ ते ४.५ व्होल्टच्या बाहेर नेऊ नका. कडेला ओपॅम्प आणि डॅक दोन्ही चेपतात (व्होल्टेज हवं तेवढं वाढत-उतरत नाही), आणि ते चेपणंही वक्रताच असते. नवव्या टप्प्यात हे महागात पडतं.

घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण सगळीकडे शिरते. एडीसी सेकंदाला ८६० वाचनांच्या वेगावर ठेवून सलग १७ वाचनांची सरासरी घेतली की जवळजवळ २० मिलिसेकंद, म्हणजे विजेचं एक पूर्ण आवर्तन होतं आणि गुणगुण स्वतःलाच खोडते. चार आउटपुट एकामागून एक वाचायला ८० मिलिसेकंद, आधी २० स्थिरावायला. एका नमुन्याला १०० मिलिसेकंद धरा, हजार नमुने पावणेदोन मिनिटांत.

लॅपटॉपचा चार्जर काढून सर्किट पॉवर बँकवर चालवलं की आवाज (वाचनांतली नको ती चढउतार) आणखी कमी होतो. पण बऱ्याच पॉवर बँका कमी प्रवाह दिसला की आपोआप बंद पडतात. रात्रभराचा प्रयोग लावून झोपाल आणि सकाळी फाइलमध्ये पहिल्या मिनिटाचाच डेटा सापडेल. आधी दहा मिनिटं चालवून बघा.

## ७. स्मृती आहे की नाही ते आधी ठरवा

आतलं जाळं तसंच ठेवून फक्त शेवटची बेरीज शिकवायच्या या पद्धतीचं "रिझर्व्हॉयर कॉम्प्युटिंग" हे नाव ऐकून सगळे थेट नार्मा-१० सारख्या, मागच्या दहा पावलांची आठवण लागणाऱ्या कामाला हात घालतात. या वेगाला नॅनोट्यूब-पॉलिमरचा थर बहुतेक वेळा काहीच लक्षात ठेवत नाही.

चाचणी सोपी आहे. ५०० यादृच्छिक इनपुट द्या आणि आउटपुट नोंदवा. मग तेच ५०० क्रम विस्कटून परत द्या. त्याच इनपुटला दोन्ही वेळी तेच आउटपुट आलं (आवाजाच्या मर्यादेत), तर स्मृती नाही. लाजण्यासारखं काही नाही. मग काळाशी संबंध नसलेली कामं घ्या: एक्सॉर, दोन चंद्रकोरींचं (चंद्रकोरीच्या आकारात एकमेकांत गुंतलेल्या बिंदूंच्या दोन गटांचं) वर्गीकरण. मागची पावलं हवीच असतील तर जुनी इनपुट सॉफ्टवेअरमध्ये साठवून वेगळ्या पॅडवर द्या, आणि तसं केलंय हे रिपोर्टात लिहा.

## ८. शिकवणं

नमुन्यांचा क्रम विस्कटा. एका ग्रुपनं आधी सगळे 'शून्य' गटाचे नमुने दिले, मग सगळे 'एक' गटाचे. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर. दरम्यान दुपार चढली होती, थर तापून त्याचा रोध उतरला होता, आणि त्यांची बेरीज दोन गट ओळखत नव्हती, तर दुपार ओळखत होती. क्रम विस्कटल्यावर निकाल नाणेफेकीवर आला.

एक्सॉरसाठी नियंत्रण व्होल्टेज शून्यावर ठेवू नका. हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. थराचा वक्र शून्याभोवती सममित असतो: इनपुटची चिन्हं उलटली की आउटपुटचीही उलटतात. पण एक्सॉरचं उत्तर दोन्ही चिन्हं उलटली तरी तेच राहतं. अशा आउटपुटांची कितीही बेरीज करा, वर स्थिरांक मिळवा, एक्सॉर निघणार नाही. तिसऱ्या पॅडवर संदर्भाच्या वर ०.५ ते १.५ व्होल्ट स्थिर दिलं की सममिती मोडते. इनपुट संदर्भाच्या एकाच बाजूला ठेवले, म्हणजे ०/१ साठी उणे-अधिक न घेता शून्य आणि अधिक घेतले, तरी काम भागतं.

बेरीज शिकवायला पायथनच्या सायकिट-लर्नमधलं रिज रिग्रेशन (भार फार मोठे होऊ न देता बेरीज जुळवणं) पुरे. सरासरी आणि व्हेरियन्स फक्त प्रशिक्षणाच्या भागावरून काढा, चाचणीचा भाग शेवटपर्यंत कुलपात. इनपुटवर थोडा यादृच्छिक आवाज मिसळा. नुसते चार कोरडे बिंदू वेगळे करायला १६ बिटच्या एडीसीला नखभर वक्रताही पुरते.

नियंत्रण व्होल्टेज शोधायचं असेल तर आधी पन्नासेक यादृच्छिक किमती वापरून बघा. मग एका किमतीला पालक धरून तिच्यापासून किंचित बदललेली चार पिल्लं काढायची, सर्वांत चांगलं ठेवायचं, पुन्हा तेच. पालकाला दर पिढीत परत मोजा. नाही मोजलं तर आवाजाच्या एका नशीबवान उसळीवर आलेला आकडा सिंहासनावर बसतो आणि पुढच्या कुणालाच उठवता येत नाही.

## ९. उत्तर नेमकं कुणी काढलं?

मागच्या वर्षी एका ग्रुपचं एक्सॉर अगदी झकास चाललं होतं. मी त्यांच्यासमोर ठिपक्याचा बोर्ड सॉकेटमधून उपटून हातात दिला आणि म्हटलं, चालवा. चाललं! ब्रेडबोर्डवरच्या गळतीतून इनपुट आउटपुटपर्यंत पोचत होते आणि कडेला चेपणारा ओपॅम्प वक्रता पुरवत होता. खोलीत पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

म्हणून तीन तुलना, तिन्ही सक्तीच्या:

1. कच्च्या इनपुटवर थेट तेच रिज रिग्रेशन. थरानं याला हरवलंच पाहिजे. आयरिसच्या १५० फुलांचा डेटा इथेच पोकळ ठरतो, सरळ रेषेचं गणित त्यातली बहुतेक फुलं ओळखतं. चंद्रकोरी घ्या.
2. थराच्या जागी तेवढ्याच किमतीच्या साध्या रोधकांचं जाळं, बाकी सगळं तसंच. सरळ रोधकांना एक्सॉर जमता कामा नये. जमलं तर वक्रता तुमच्या सर्किटात आहे, सहाव्या टप्प्यावर परत.
3. सॉफ्टवेअरमध्ये चार यादृच्छिक वक्र गुणविशेष आणि त्यांची तीच बेरीज. थर याला हरवेलच असं नाही. पण परीक्षक विचारतात तेव्हा आकडा हाताशी असावा.

त्यानंतर त्याच मिश्रणाचे किमान तीन बोर्ड, आणि प्रत्येक बोर्ड दोन वेगळ्या दिवशी. शिकवलेले भार एका बोर्डावरून दुसऱ्यावर उचलून चालत नाहीत, प्रत्येकाचं जाळं वेगळं.

## १०. ठेवणं आणि टाकणं

डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत शिकवलेला बोर्ड जुलैत बिघडलेला वाटतो. पीएमएमए ओलावा पितं, आणि असा थर तापला की त्याचा रोध बहुधा कमी होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, मोजताना तापमान आणि आर्द्रता नोंदवा, आणि दर सत्राच्या सुरुवातीला भार नव्यानं शिकवा.

सिलिका जेल म्हणजे सिलिका जेलच. पिंपळगावकडच्या एका मुलानं घरच्या द्राक्षाच्या पेटीतलं पॅड डब्यात टाकलं होतं, "ओल शोषतं ना सर?" शोषत नाही. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, द्राक्षाला बुरशी लागू नये म्हणून. पंधरा दिवसांत बोर्डाच्या कापलेल्या कडांवरचं तांबं काळं पडलं होतं.

उरलेलं द्रावण, सिरिंजा, पुसलेले टिश्यू बेसिनमध्ये किंवा घंटागाडीत जाणार नाहीत. झाकणाची काचेची बाटली, वर "नॅनोट्यूब + ॲनिसोल" आणि तारीख, आणि कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबच्या घातक कचऱ्यात. लॅब असिस्टंट काकांना आधी सांगून ठेवा. नुसतं काळं पाणी समजून त्यांनी ओतून दिलेली एक बाटली मला माहीत आहे.